सांजेच्या दर्यावर पुनवेचा चंद्र: फोटो जोडून काल्पनिक निसर्ग कसा उभा राहतो

दिवाळीच्या सुट्टीत मालवणच्या जेटीवर पुण्याहून आलेलं एक कुटुंब तात्यांशी हुज्जत घालत होतं. तात्या सिंधुदुर्गावर होडी नेतात. त्या कुटुंबातल्या दादांच्या मोबाइलवर एक फोटो होता. संध्याकाळचा लालसर समुद्र, किल्ल्याचा तट, तटामागे ताटाएवढा पौर्णिमेचा चंद्र आणि शेजारच्या कड्यावरून थेट समुद्रात कोसळणारा धबधबा. त्यांना किल्ला नको होता, धबधबा हवा होता. तात्यांनी मला हाक मारली. "झिला, हयसर ये. पन्नास वर्सां होडी हाकतंय, ह्यो धबधबो माका कधी दिसाक नाय. खंय आसा ता ह्यांका सांग."

मला सांगता येत होतं, कारण तो फोटो मीच बनवला होता. 'काढला' असं मुद्दामच लिहीत नाही. खाली मी 'काल्पनिक दृश्य, पाच फोटो जोडून' अशी ओळ टाकली होती. ती कुणीतरी कापली, वर 'कोकणातलं अपरिचित ठिकाण' असं लिहिलं आणि फोटो पुढे ढकलला. फिरत फिरत तो पुण्याला गेला आणि पुण्याहून पाहुण्यांना घेऊन परत मालवणात आला.

त्या दादांना समजावताना लक्षात आलं की हे नेमकं कसं करतात, याची बहुतेकांना कल्पना नाही. 'फोटोशॉप केलंय' एवढंच माहीत असतं. म्हणून हा लेख.

जोडचित्र म्हणजे काय

दोन किंवा जास्त फोटोंचे भाग घेऊन एका जागचं, एका क्षणाचं वाटेल असं दृश्य रचणं, याला छायाचित्रणात 'कंपोझिट' म्हणतात. मी पुढे 'जोडचित्र' म्हणेन. फोटोचा उजेड वाढवणं, रंग थोडे गडद करणं ही वेगळी गोष्ट. ते आमटीत मीठ बेताचं करण्यासारखं आहे, आमटी तीच राहते. जोडचित्रात तीन घरांतल्या टोपांतून वाढून घेतलेलं असतं आणि पाहुण्याला ते एकाच चुलीवर शिजलंय असं वाटावं लागतं.

आजीने शिवलेल्या वाकळीत जुन्या साड्यांचे तुकडे वेगवेगळे दिसतात आणि तीच तिची शोभा. आमच्या कामात शिवण दिसली की काम फसलं.

हे मोबाइलच्या आधीपासून आहे

अनेकांना वाटतं की ही सगळी कॉम्प्युटरची करामत. पण या कलेची सुरुवातच समुद्राच्या फोटोंनी झाली म्हणायला हरकत नाही. १८५६-५७ च्या सुमारास गुस्ताव्ह ल ग्रे नावाचा फ्रेंच छायाचित्रकार समुद्राचे फोटो काढत होता. तेव्हाच्या काचेच्या प्लेटा मुख्यतः निळ्या उजेडालाच संवेदनशील होत्या. पाणी नीट दिसेल इतका वेळ प्लेट उघडी ठेवली की आकाश जळून कोरं पांढरं व्हायचं. आकाशासाठी वेळ कमी केला की पाणी काळं. मग त्याने समुद्राची एक प्लेट घेतली, ढगांची दुसरी, आणि क्षितिजाच्या रेषेवर दोन्ही जोडून एकाच कागदावर छापल्या. काही ठिकाणी एकच आकाश त्याने वेगवेगळ्या समुद्रांवर चढवलंय.

१८५७ मध्येच ऑस्कर रेलँडर याने तिसाहून जास्त निगेटिव्ह जोडून एक मोठं नाट्यमय चित्र केलं. पुढच्या शतकात अमेरिकेत जेरी यूल्समन डार्करूममध्ये अनेक एन्लार्जर, म्हणजे निगेटिव्ह कागदावर मोठी करून छापायची यंत्रं, रांगेने मांडायचे, प्रत्येकात वेगळी निगेटिव्ह, आणि एकच कागद एकाखालून दुसऱ्याखाली सरकवत न्यायचे. पाण्यावर तरंगणारी झाडं मुळांसकट दिसायची. आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांनी एकाच फिल्मवर दोनदा चित्रण करून देव प्रकट केले आणि अदृश्यही केले. फोटोशॉप बाजारात आलं १९९० मध्ये, आणि ज्या सोयीवर आजचं सगळं जोडकाम उभं आहे ती 'लेयर्स' म्हणजे थरांची सोय त्यात आली १९९४ मध्ये.

थर, आणि गणपतीच्या शाळेतला कागद

थर म्हणजे काय ते सोपं आहे. शाळेच्या वह्यांना घालायचं पारदर्शक प्लास्टिक आठवा. एका तुकड्यावर समुद्र, दुसऱ्यावर किल्ला, तिसऱ्यावर ढग. एकावर एक ठेवले की वरून एकच चित्र दिसतं, पण प्रत्येक तुकडा स्वतंत्र हलवता येतो.

अडचण अशी की ढगांचा फोटो काही पारदर्शक नसतो. तो चौकोनी, भरलेला, खालचं सगळं झाकणारा. त्यातलं हवं तेवढंच दिसू द्यायचं, यासाठी 'मास्क' वापरतात. हे समजायला श्रावणात एखाद्या गणपतीच्या शाळेत जाऊन बसा. मूर्तीच्या पीतांबराला फवाऱ्याने रंग मारताना अंगावर रंग उडू नये म्हणून कारागीर मध्ये कागद धरतो. कागद मूर्तीला टेकवून धरला की रंगाची कड धारदार येते. वीतभर लांब धरला की कड हळूहळू विरत जाते. मास्क म्हणजे तो कागद. किल्ल्याच्या तटाला धारदार कड लागते, ढगाला विरणारी. माडाच्या झावळ्या मात्र दोन्हीत बसत नाहीत. पात्यापात्यामधून आकाश डोकावतं, आणि जुन्या फोटोतलं पांढरं आकाश तिथे कणाकणाने उरतं. जोडचित्रातली चोरी पकडायची असेल तर सगळ्यात आधी माडाचा शेंडा मोठा करून बघा. मी स्वतः एका शेंड्यावर अख्खी दुपार घालवली आहे.

चंद्रासाठी कागदसुद्धा धरावा लागत नाही. काळोख्या भिंतीवर दोन बॅटऱ्यांचे झोत पाडले तर उजेडात उजेड मिसळतो, काळोख कशात काही भर घालत नाही. थर एकमेकांत मिसळण्याची अशीच एक पद्धत सॉफ्टवेअरमध्ये असते. काळ्या आकाशातला चंद्र त्या पद्धतीने ठेवला की काळं गायब होतं आणि चंद्र तेवढा उरतो. सोपं आहे, आणि म्हणूनच लोक जिथे तिथे चंद्र डकवतात.

तुकडे जुळतात ते उजेडाने

कापणं-चिकटवणं चार दिवसांत येतं. अवघड आहे ते पाच वेगळ्या दिवसांचा उजेड एकाच संध्याकाळचा करणं. माझ्या चित्रातला किल्ला आणि समुद्र डिसेंबरच्या सांजवेळी जेटीवरून घेतलेले. ढग मे महिन्याच्या अखेरचे, वळवाचे. कडा देवगडचा. चंद्र तिथल्याच सड्यावरून, म्हणजे कातळाच्या पठारावरून, लांब पल्ल्याच्या लेन्सने टिपलेला. आणि धबधबा आंबोलीचा, भर ऑगस्टमधला.

धबधबा मुद्दाम मळभाच्या दिवशी घेतला होता. मळभाचा उजेड सगळीकडून येतो, सावली पडत नाही. अशा तुकड्याला नंतर हवी तशी उजळ आणि काळी बाजू देता येते. भर दुपारच्या उन्हातल्या तुकड्यावर पडलेली काळी कुळकुळीत सावली मात्र कितीही पुसली तरी जात नाही. शिकणाऱ्याला मी एवढं एकच सांगतो: साठवणीचे फोटो मळभात काढ.

उजेडानंतर येते डोळ्याची उंची. पुळणीवर उभं राहून फोटो काढला की समुद्राचं क्षितिज नेमकं कॅमेऱ्याच्या उंचीवर दिसतं. म्हणजे त्याच सपाट पुळणीवर उभ्या असलेल्या, आपल्याएवढ्या उंचीच्या प्रत्येक माणसाचं डोकं क्षितिजाच्या रेषेला लागतं, मग तो दहा पावलांवर असो की दोनशे. एखाद्या जोडचित्रात लांबचा माणूस क्षितिजाच्या बराच खाली उभा दिसला, तर तो गच्चीवरून काढलेल्या फोटोतून उचललाय असं खुशाल समजा.

मग हवा. मालवणातून पूर्वेला सह्याद्री बघितला तर जवळची टेकडी हिरवी, तिच्यामागची निळसर, आणि शेवटची रांग आकाशात विरघळलेली. मधल्या हवेतला दमटपणा आणि धूळ लांबच्या वस्तूचा काळेपणा खाऊन टाकतात. लांब ठेवलेल्या तुकड्यातला काळा रंग जवळच्या तुकड्याइतकाच गडद राहिला की चित्र पुठ्ठ्याच्या देखाव्यासारखं दिसतं.

आणि प्रतिबिंब. बहुतेक जण किल्ला उलटा करून पाण्यात चिकटवतात. पण पाणी आपल्या डोळ्याने बघत नाही. पाण्यातलं दृश्य म्हणजे डोळा पाण्याखाली तेवढाच खोल नेऊन वर बघितल्यासारखं असतं. म्हणून खाडीकाठच्या माडामागे डोंगर दिसत असेल तर पाण्यात तोच डोंगर माडाच्या तुलनेत बुटका दिसतो, कधी कधी माडाआड पुरता लपतो. पुढच्या वेळी होडीतून जाताना बघा.

ताटाएवढा चंद्र

हात लांब करून करंगळी चंद्रासमोर धरा. पौर्णिमेचा पूर्ण चंद्र नखामागे लपतो, नखाचा जेमतेम अर्धा भाग वापरून. आकाशात त्याची रुंदी अर्धा अंशच आहे. मोबाइलच्या रुंद फोटोत तो साबुदाण्याएवढा येतो तो त्यामुळेच, फोन वाईट म्हणून नव्हे.

मग बुरुजामागे प्रचंड चंद्र असलेले सगळे फोटो खोटे? नाही. चंद्र मोठा करता येत नाही, पण बुरूज लहान करता येतो, त्याच्यापासून लांब जाऊन. १० मीटर उंचीचा बुरूज चंद्राएवढा दिसायला सुमारे १,१५० मीटर मागे जावं लागतं. तिथून लांब पल्ल्याच्या लेन्सने टिपलं की दोघे बरोबरीचे दिसतात, आणि तो फोटो शंभर टक्के खरा असतो. फसवणूक ओळखायची खूण अशी: चंद्र मोठा आणि त्याच फोटोत पायाजवळची वाळू, हातभर अंतरावरची होडी, दोन्ही बाजूंचा किनाराही भरपूर. एका लेन्सला हे दोन्ही एकदम जमत नाही. माझ्या चित्रात अगदी असंच होतं.

तात्यांनी पकडलेली चूक

हे सगळं मी त्या पुण्याच्या मंडळींना सांगत असताना तात्या फोटो न्याहाळत होते. मधेच म्हणाले, "पुनवेचो चंद्र सांजेक दर्यार कसो? तो डोंगराकडसून येता." थोड्या वेळाने पुन्हा, "आनी पुनवेक सांजचा पाणी सुकता. ह्या तर तटाक लागला हा."

मी गप्पच झालो. पौर्णिमा म्हणजे सूर्य आणि चंद्र पृथ्वीच्या दोन बाजूंना समोरासमोर. आपल्या किनाऱ्यावर सूर्य समुद्रात बुडतो तेव्हा पौर्णिमेचा चंद्र पाठीमागे सह्याद्रीवरून वर येत असतो. समुद्रावर तो दिसतो पहाटे, मावळताना. सूर्यास्ताच्या लालीत समुद्रावर चंद्र दिसलाच तर अमावास्येनंतरच्या दोन-चार दिवसांतली कोर दिसते. तीही उजेडाची बाजू खाली सूर्याकडे करून, आपल्याकडे बरीचशी होडीसारखी आडवी.

पाण्याची गोष्ट तर माझ्या डोक्यातच आली नव्हती. भरती-सुकती चंद्रावर चालते. मालवणात पौर्णिमेला मोठी भरती दुपारच्या आधी आणि मध्यरात्रीच्या आधी येते, सांजेला पाणी ओसरून खडक उघडे पडतात. माझ्या चित्रात पौर्णिमाही होती, सांजही होती आणि तटाला लागलेलं पाणीही. सॉफ्टवेअरला यात काही वावगं दिसलं नाही. रोज पाणी बघून होडी सोडणाऱ्या माणसाला दोन मिनिटांत दिसलं.

अशाच खुणांनी तुम्हीही बरंच ओळखू शकता. खुल्या पश्चिम किनाऱ्यावर 'समुद्रातून उगवता सूर्य' असा मजकूर आला की तो फोटो एकतर सूर्यास्ताचा आहे, किंवा कोकणाचा नाही, किंवा जोडलेला आहे. मावळतीची जागाही वर्षभर सरकते, पश्चिमेच्या दोन्ही बाजूंना साधारण २५ अंश. हात लांब करून धरलेली मूठ सुमारे १० अंशांची, म्हणजे डिसेंबर ते जून सूर्य क्षितिजावर पाच मुठी चालत जातो. एखाद्या ओळखीच्या पुळणीवर तो या पट्ट्याबाहेर बुडताना दिसला तर आकाश बदललंय.

"मग हा खोटेपणाच झाला ना?"

हा प्रश्न त्या दादांनी विचारला, आणि रागाने विचारला. त्यांचा राग मला पटतो, निष्कर्ष पटत नाही.

दशावतारात रंगमंचावर एक बाकडं असतं. तेच सिंहासन, वेळ आली की तोच डोंगर. रात्रभर बसलेल्या हजार माणसांपैकी एकही 'हे बाकडं आहे' म्हणून उठून जात नाही, कारण काय चाललंय हे नारळ फुटतानाच ठरलेलं असतं. जत्रेतल्या फोटोच्या दुकानात ताजमहालाच्या पडद्यासमोर बसलेल्या नवऱ्या-बायकोला कुणी आग्रा कसं होतं विचारत नाही. कल्पना आहे हे ज्याला ठाऊक आहे त्याची फसवणूक होत नाही.

फसवणूक सुरू होते ती चित्र दुसऱ्याच खात्यात जमा झालं की. नॅशनल जिऑग्राफिकने फेब्रुवारी १९८२ च्या मुखपृष्ठावर गिझाचे पिरॅमिड आडव्या फोटोतून उभ्यात बसावेत म्हणून एकमेकांजवळ सरकवले. सरकवलं थोडंच, पण ते मासिक लोक जग जसं आहे तसं बघायला घेत, म्हणून टीका मोठी झाली. याउलट आंद्रेआस गुर्स्की या जर्मन छायाचित्रकाराने १९९९ मध्ये ऱ्हाइन नदीच्या फोटोतून माणसं आणि कारखान्याची इमारत पुसून टाकली. ती कलाकृती म्हणून मांडली आणि २०११ मध्ये ती ४० लाख डॉलरहून जास्त किमतीला विकली गेली. फेरफार दोन्हीकडे होता. बातमीच्या फोटोत काही घालायचं नाही, काही काढायचं नाही हा नियम आहे तो याच कारणाने.

कोकणात हे खातं बदलणं महागात पडतं. वादळाच्या दिवसांत कुठल्यातरी दुसऱ्या समुद्राची लाट आपल्या बंदरावर चढवून फिरवली की मुंबईतले चाकरमानी रात्रभर फोन करत राहतात. पावसाळ्यात गढूळ असणारं पाणी हिरवंनिळं करून घरगुती निवासाच्या जाहिरातीत टाकलं की आलेला पाहुणा घरमालकाशी भांडतो, फोटो करणाऱ्याशी नाही. मी अशी कामं नाकारतो. सुरुवातीला दोन-तीन केली होती, हेही सांगून टाकतो.

"पण माझा साधा फोटो तर खरा आहे!"

थोडासा. रात्री मोबाइलने फोटो काढताना 'फोन स्थिर धरा' अशी सूचना येते ना? त्या दोन-तीन सेकंदांत फोन एक फोटो न काढता अनेक काढतो, एकमेकांवर बसवतो, उजेड बेरजेला धरतो आणि दाणेदारपणा कमी करतो. उन्हात उभ्या माणसामागचं आकाश पांढरं पडू नये म्हणूनही तो असंच करतो. म्हणजे ल ग्रेने जे दोन प्लेटांनी केलं तेच. फरक इतकाच की हे सगळे तुकडे एकाच जागचे आणि जवळपास एकाच क्षणाचे असतात. मी रेषा तिथे ओढतो. तुकडे एका क्षणाचे असतील तर तो फोटो, वेगवेगळ्या दिवसांचे असतील तर जोडचित्र, आणि मग ते सांगायला हवं.

"आता यंत्र एका वाक्यावर सगळं करतं, मग तुमची मेहनत कशाला?"

२०२० च्या अखेरीस फोटोशॉपमध्ये आकाश बदलण्याचं एका क्लिकचं काम आलं. २०२३ पासून तर 'इथे धबधबा घाल' असं लिहिलं की धबधबा येतो. पण तो कुठलाच धबधबा नसतो. असंख्य चित्रं दाखवून शिकवलेल्या यंत्राने 'धबधबा साधारण असा दिसतो' हे गणिताने रंगवलेलं असतं. माझा आंबोलीचा धबधबा चुकीच्या जागी असला तरी त्याच्या पाण्याने माझी लेन्स भिजली होती. हा फरक बघणाऱ्याला दिसतोच असं नाही. त्याच वर्षी बोरिस एल्डागसेन या जर्मन कलाकाराने यंत्राने बनवलेलं चित्र एका मोठ्या जागतिक छायाचित्र स्पर्धेत पाठवलं, ते निवडलं गेलं, आणि त्याने स्वतःच बक्षीस नाकारून ते फोटो नसल्याचं जाहीर केलं.

चित्राच्या फाइलमध्येच त्याचा जन्मदाखला ठेवायची एक व्यवस्था तयार होते आहे. कोणत्या कॅमेऱ्याने काढलं, पुढे काय काय बदललं, याची सहज न पुसता येणारी नोंद. २०२१ मध्ये अडोबी, मायक्रोसॉफ्ट, बीबीसी वगैरेंनी मिळून त्याचं सामायिक मानक ठरवायला सुरुवात केली. कल्पना चांगली आहे. पण व्हॉट्सअॅपवर फोटो साधेपणाने पाठवला की तो दाबून लहान होतो आणि आतल्या नोंदी गळून पडतात. स्क्रीनशॉट काढला तर उरतंच नाही काही. म्हणून मी आता 'काल्पनिक' हा शब्द खालच्या कडेला लिहीत नाही, चित्राच्या मधोमध, पाण्याच्या रंगात मिसळून लिहितो. कापायचा तर समुद्रच कापावा लागेल.

खरं असून खोटं वाटणारं

या सगळ्यात मला सर्वात जास्त खंत वेगळ्याच गोष्टीची वाटते. भाद्रपदात रत्नागिरी-राजापूरकडच्या सड्यांवर सीतेची आसवं फुलतात आणि काळाभोर कातळ मैलभर जांभळा होतो. तो फोटो मी जसाच्या तसा टाकला, तर पहिली प्रतिक्रिया 'रंग जरा कमी करा की'. काही वर्षी थंडीच्या तोंडाशी किनाऱ्याच्या लाटा रात्री निळ्या चमकतात. नॉक्टिलुका नावाचे सूक्ष्म जीव पाणी हललं की उजेड टाकतात. कॅमेऱ्याने काही सेकंद धरल्यावर ती निळाई डोळ्याला दिसते त्याहून जास्त येते, पण ती असते. तो फोटो घरच्यांनाही पटला नाही.

पुन्हा तात्या

चित्र मी नव्याने करायला घेतलं. चंद्र समुद्रावर हवा तर वेळ पहाटेची हवी. पहाट म्हटली की उजेड पाठीमागून, सह्याद्रीकडून, म्हणजे सांजेला काळा दिसणारा तट आता समोरून उजळायला हवा. पहाटेलाही पौर्णिमेचं पाणी सुकतीलाच, म्हणजे तटाखालचे खडक हवेत. जुन्यातलं जवळजवळ काहीच कामाचं उरलं नाही. दोन पौर्णिमा मळभात गेल्या. तिसरीला तात्यांच्या होडीतून गारठत खडकांचे फोटो घेतले. चंद्र या वेळी नखाएवढाच ठेवला.

तयार चित्र त्यांना दाखवलं. त्यांनी आधी पाणी बघितलं, मग चंद्र, मग बराच वेळ मान तिरकी करून कड्याकडे.

"आनी धबधबो?"

"तो माझो, तात्यानू."

"मगे रवांदे," ते म्हणाले आणि दोर सोडायला वळले.